सातारा : दोन ड्रायव्हिंग क्लास लावले, क्लच एकाच ठिकाणी कळला

ड्रायव्हिंग क्लास लावायचा विचार असेल तर फी किती, गाडी कुठली, घरून पिकअप आहे का हे सगळं नंतर विचारा, आधी एक दिवस डेमोला मागच्या सीटवर बसा आणि शिकवणाऱ्याच्या पायाकडे बघा. क्लासच्या गाडीत त्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, ड्युअल कंट्रोल म्हणतात, आणि ते असायलाच पाहिजे, सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स १९८९ मध्ये क्लासच्या गाडीला तशी अटच आहे. पण त्या पेडलवर मास्तरांचा पाय पूर्ण वेळ टेकलेला असेल तर सरळ समजा की गाडी तेच चालवतायत आणि तुम्ही पाच हजार भरून स्टीअरिंग धरून बसलाय.

दोन्ही क्लासची नावं लिहीत नाहीये. पहिल्याचं लिहिलं तर भांडण, गाव एवढंसं आहे आणि मालकांची बहीण आमच्याच भिशीत आहे. दुसऱ्याचं लिहिलं तर काका चिडतील, त्यांच्याकडे एकच गाडी आणि आधीच वेटिंग. ओळखीत विचारलंत तर कळेल.

आधी पहिल्याबद्दल. बोर्ड मोठा, रील्स भरपूर, 'पंधरा दिवसांत एक्स्पर्ट' वगैरे. गाडी अल्टो ८००. मारुतीने ती बनवायची २०२३ मध्ये बंद केली पण क्लासवाल्यांनी अजून जिवंत ठेवलीय, आणि गाडी म्हणून तक्रार नाही, शिकायला छोटी गाडी बरीच पडते. तक्रार आहे ती शिकवण्याची. अर्धा तास सांगतात, त्यात मागे अजून दोन जण बसलेले, एकाला गोडोलीतून उचलायचं एकाला करंज्यात सोडायचं, हातात गाडी येते ती पंधरा मिनिटं, त्यातली पाच पोवई नाक्याच्या सिग्नलला. त्याच १९८९ च्या नियमांत आपल्यासारख्यांच्या प्रायव्हेट गाडीच्या ट्रेनिंगला कमीत कमी २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे १० तास लिहिलेत. पंधरा मिनिटांचा हिशोब तुम्हीच करा.

शिकवणारा पोरगा स्वभावाने चांगला होता, ओरडायचा नाही. पण एका हातात मोबाइल आणि तोंडात एकच पट्टी, "सोडा मॅडम सोडा सोडा, रेस द्या, रेस द्या." गाडी निघायची. मस्त निघायची, अजिबात झटका नाही. फक्त मला कधी कधी जाणवायचं की माझ्या पायाखालचं पेडल आपोआपच खाली जातंय, म्हणजे मी सोडतेय आणि ते पायापासून लांब पळतंय. त्याच्या बाजूचं पेडल आपल्या पेडलला आतून जोडलेलं असतं, त्याने दाबलं की आपलंही खाली जातं. गाडी बंद पडायला आली की तो दाबायचा, मोबाइलवरची नजर न काढता, सवयीनेच. त्याला वाटत असेल मदत करतोय. मालकांच्या बाजूने बघितलं तर कारण पण कळतं, गाडी बंद पडली की मागे हॉर्न, वेळ जातो, पुढची बॅच लेट होते, आणि शिकणाऱ्यांच्या पायाखाली क्लच प्लेट लवकर संपते ती वेगळीच. पण मग आम्ही शिकायचं कुठे?

घरची वॅगन आर काढली तेव्हा सगळं उघडं पडलं, तिथे बाजूला हे बसलेले आणि त्यांच्या पायाखाली नुसतं मॅट. सोसायटीच्या गेटमध्येच गाडी बंद, परत चालू, परत बंद, वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"अगं हळू सोड."

"अहो हळूच सोडतेय!"

"अजून हळू."

जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे हा, आणि प्रत्येक नवरा, भाऊ, शेजारी हाच देतो. हळू म्हणजे किती, आणि कुठून कुठपर्यंत हळू? हे कोणी सांगत नाही कारण ज्यांना येतं त्यांच्या पायाला येतं, तोंडाला येत नाही.

म्हणून दुसरा क्लास. लर्निंगची मुदत सहा महिने असते, मला अजून वेळ होता त्यात बसवलं. हे काका एसटीतून रिटायर झालेले, सगळी नोकरी घाटातली. गाडी जुनी वॅगन आर, सीएनजीवाली, बाहेरून बघाल तर पैसे परत मागाल असली. पण पहिल्याच दिवशी काकांनी काय केलं तर चपला काढल्या, दोन्ही पाय मागे ओढून सीटच्या कडेला घेतले आणि तंबाखू मळायला लागले. म्हणजे पाय बिझी नाहीत आणि हातही मोकळे नाहीत. मी म्हटलं काका ब्रेक? "गाडी उभी हाय ताई. उभ्या गाडीला कसला ब्रेक? चालू पडली की बघू."

मग उतरवलं मला आणि डिकी उघडली. स्टेपनीच्या शेजारी पोत्यात गुंडाळलेली एक जुनी क्लच प्लेट. हातात दिली. जेवणाच्या ताटापेक्षा लहान, जड, दोन्ही बाजूंना ब्रेक शूला असतं तसलं अस्तर, आणि ते झिजून झिजून आतले रिव्हेट वर आलेले, मधे मधे पत्रा निळा पडलेला. बोट फिरवलं तर एका बाजूला गुळगुळीत काच आणि दुसरीकडे खरखर. "ही माझ्याच गाडीची. पोरांनी खाल्ली." मग त्यांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की हे आधी कोणी का सांगितलं नाही याचा रागच आला. इंजिन उभ्या गाडीतही फिरतच असतं, मिनिटाला सात-आठशे फेऱ्या, त्याच्या टोकाला एक जाड चाक, फ्लायव्हील. ही प्लेट गिअरबॉक्सच्या बाजूची, म्हणजे आपल्या टायरच्या बाजूची, ती गप उभी. पेडल दाबलेलं असतं तेव्हा दोघांत फट. पेडल सोडलं की मागची स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट हिला फ्लायव्हीलवर दाबते. एक फिरतंय, एक उभं, तर एकदम चिकटवलं की एकतर गाडी उडी मारणार नाहीतर इंजिन मान टाकणार. मधले एक-दोन सेकंद प्लेट घासत घासत वेग पकडते, तेवढ्यापुरती घसरू द्यायची. क्लच कंट्रोल म्हणजे ते एक-दोन सेकंद, बाकी काही नाही.

आणि 'हळू सोड'चं उत्तर पण इथेच मिळालं. पेडलच्या पूर्ण प्रवासात खालचा भाग रिकामा, वरचा भाग पण जवळजवळ रिकामा, पकड असते ती मधल्या दोन बोटांत. खालून पकडीपर्यंत पाय बिनधास्त भरकन आणा, काही होत नाही. तिथे आला की थांबायचं. हळू नाही, चक्क थांबायचं! पाय धरून ठेवायचा, गाडी हलली, चालीला लागली, की मग उरलेला सोडून द्यायचा. आम्ही सगळे काय करतो तर खालपासून वरपर्यंत एकसारखं हळू सोडतो आणि नेमकं पकडीच्या जागेवर न थांबता पुढे जातो, की झालं, ढक्. पकड आली हे कळतं कसं, तर इंजिनचा आवाज एकदम भारी होतो, बॉनेट इंचभर वर आल्यासारखं वाटतं आणि पायाखालचं पेडल बारीक थरथरतं. काकांनी मला एक दिवस बूट काढायला लावले ती थरथर कळावी म्हणून. माझे स्पोर्ट्स शूज जाड सोलवाले होते, त्यात खरंच काही कळत नव्हतं. नंतर पातळ सोलचे कॅनव्हासचे घातले, फरक पडतो, ही गोष्ट क्षुल्लक समजू नका.

मग एमआयडीसी. रविवारी सकाळी तिथले रस्ते मोकळे असतात, कंपन्या बंद, एखाद-दुसरा ट्रक आणि कुत्री. तिथे काकांचा पहिला नियम, रेसला पाय लावायचा नाही. उजवा पाय ब्रेकवर नुसता तयार ठेवायचा आणि फक्त क्लचवर गाडी हलवायची. मला वाटलं चेष्टा करतायत, पहिल्या क्लासला तर रेस द्या रेस द्या चालायचं. पण सपाट रस्त्यावर आताच्या गाड्या रेस न देता निघतात, कारण इंजेक्शनवाल्या इंजिनात कॉम्प्युटर असतो, फेऱ्या कमी व्हायला लागल्या की तो आपला आपण थोडं पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात असे लाड नव्हते, काका म्हणतात तेव्हा रेस आणि क्लच दोन्ही सांभाळायला लागायचं, ते जुन्या बसचे किस्से सांगतात, गिअर बदलायला दोनदा क्लच मारायचा, एकदा न्यूट्रलला आणि एकदा गिअरला, नाहीतर खर्रर्र करून आख्ख्या बसला कळायचं ड्रायव्हर नवीन आहे.

रेसशिवाय का, तर रेस दिली की चुकलेला क्लच झाकला जातो. इंजिन जोरात फिरत असलं की पाय कसाही सोडा, गाडी बंद पडत नाही, नुसती प्लेट घासत राहते आणि वास येतो. रेस काढून घेतली की पाय एक मिलिमीटर चुकला तरी गाडी लगेच सांगते. माझ्या मते दोन क्लासमधला खरा फरक हाच. पहिल्याला गाडी निघाली पाहिजे होती, दुसऱ्याला मला कळलं पाहिजे होतं.

विटांची प्रॅक्टिस तर मी कधी विसरणार नाही. रस्त्याकडेच्या दोन विटा आणल्या, एक पुढच्या टायरच्या पुढे हातभर अंतरावर ठेवली, एक मागे. आता टायर पुढच्या विटेला टेकला पाहिजे पण चढला नाही पाहिजे. मग रिव्हर्स टाकून मागच्या विटेला टेकवा. परत पुढे. फक्त क्लचवर, पकड आली की गाडी चार बोटं सरकते, क्लच परत एक नख दाबला की सुटते. हे 'परत दाबणं' कोणीच शिकवत नाही! सगळे सोडण्याबद्दल बोलतात, पण गाडी थरथरायला लागली, आता बंद पडणार असं वाटलं, की पूर्ण दाबून परत पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, अगदी थोडा परत दाबायचा, इंजिन श्वास घेतं, मग परत आणायचा. काका बाहेर उभे राहून वाकून विटेकडे बघायचे आणि टायर विटेवर चढला की काही न बोलता नुसते माझ्याकडे बघायचे. डाव्या पोटरीत इतके गोळे आले की जिना चढताना रडू यायचं बाकी होतं.

ॲक्टिव्हावाल्यांसाठी खास. आपल्याला बुलेट-स्प्लेंडर चालवणाऱ्या पोरांपेक्षा वेळ जास्त लागतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्या डाव्या हाताला हाफ क्लच, म्हणजे क्लच पकडीवर धरून ठेवणं, आधीच माहीत असतो, फक्त हातातून पायात आणायचा. आपला डावा हात आयुष्यभर ब्रेक दाबतोय आणि डावा पाय फूटबोर्डवर नुसता बसून आलाय, त्याला कधी काही कामच नव्हतं. माझ्यासोबतचा कॉलेजचा मुलगा बघता बघता पुढे गेला, त्याचं हे कारण.

सीएनजीचं पण सांगते, कारण आता निम्म्या घरात सीएनजी गाडी आहे. गाडी पेट्रोलवर चालू होते आणि मग गॅसवर जाते, आणि गॅसवर ओढ जरा कमी असते, खालच्या फेऱ्यांना तर जाणवतेच. वर एसी लावला की कॉम्प्रेसरचं ओझं. काकांनी आधी पेट्रोलवर शिकवलं, पाय बसल्यावर गॅसवर टाकली, आणि शेवटी गॅस अधिक एसी. त्याच पायाने तीच गाडी गॅसवर पटकन मान टाकते, पकडीवर जरा जास्त वेळ थांबायला लागतं किंवा किंचित रेस. पहिल्या क्लासला एसी कधी लावायचेच नाहीत, मला वाटायचं पैसे वाचवतायत, ते पण असेल म्हणा.

चढ हा साताऱ्यात ऑप्शनला टाकायचा विषय नाहीच. इथे घरातून निघालं की चढ. समर्थ मंदिरावरून वर बोगद्याकडे जायचा रस्ता, किंवा पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून वर येतानाचा रॅम्प, पुढची गाडी थांबली की तुम्ही चढावर उभे आणि मागे एक रिक्षा बंपरला चिकटून. काकांनी हँडब्रेकची पद्धत शिकवली. हँडब्रेक ओढा, आता पाय मोकळे. फर्स्ट टाका, थोडी रेस, बाहेर ऐकू येईल इतपत, क्लच पकडीवर आणा, गाडीचं मागचं बूड जरा खाली बसतं, पुढचं नाक वर. गाडी स्वतःच हँडब्रेकला ओढतेय असं वाटलं की मगच हँडब्रेक खाली. मागे एक इंचही येत नाही. नव्या कितीतरी गाड्यांत हिल होल्ड असतं, ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं, मस्त सोय आहे, पण आमची त्यातली नाही. आणि मागच्याने हॉर्न वाजवला तर? काकांचं उत्तर, "वाजवू दे की. त्याला तेवढंच काम हाय, तुम्हाला चार हायत."

एक गोष्ट मात्र ते खरंच रागावून सांगायचे, आणि बरोबर आहे त्यांचं. चढावर ब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर गाडी टांगून ठेवणारे लोक. दिसायला फार हुशारी वाटते, ना पुढे ना मागे, पण तेवढा सगळा वेळ ती प्लेट घासतेय आणि तापतेय. खंबाटकी आठवा. पुण्याकडून येताना आपण वर्षानुवर्षं घाट चढून येत आलोय, जाताना बोगदा, आणि दिवाळी किंवा लाँग वीकेंडला घाटात जाम लागला की कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात. उन्हाने आणि एसीने इंजिन तापतं ते आहेच, पण तो जळक्या केसांसारखा वास क्लचचा असतो. फूट-फूट सरकायचं, हाफ क्लचवर लटकायचं, परत फूटभर सरकायचं. काकांची पद्धत अशी की पुढच्याला जाऊ दे, जागा होऊ दे, हँडब्रेकवर निवांत उभं राहा, दोन-तीन गाड्यांची जागा झाली की फर्स्टला क्लच पूर्ण सोडून चालत जा, आणि परत थांब. मधे कोणीतरी घुसणार. घुसू दे. मला हे मान्य आहे पण अमलात आणायला जीव घट्ट करावा लागतो, विशेषतः बाजूने पुण्याच्या गाड्या सुळकन जात असताना.

उतरताना उलटं. यवतेश्वर घाटातून खाली येताना क्लचवरून पाय काढून बाजूला ठेवायचा, गाडी सेकंडला, इंजिन स्वतः गाडी धरतं, ब्रेक कमी लागतो. ज्या गिअरला चढली त्याच गिअरला उतरायची हा एसटीवाल्यांचा नियम. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून उतारावर गाडी सोडणं म्हणजे पेट्रोल वाचतं अशी समजूत आहे आपल्याकडे, वाचत तर नाहीच, कारण गिअरमधे उतरताना इंजेक्शनवालं इंजिन पेट्रोल जवळजवळ बंदच करतं, आणि सगळा भार ब्रेकवर जातो. कासच्या सीझनला, सप्टेंबरात, वळणावळणावर बसेस समोर येत असताना हा प्रयोग करू नका.

थांबताना पण आधी ब्रेक, क्लच शेवटी, गाडी अगदी थांबायला आली की. आम्ही सगळे घाबरून आधी क्लच दाबतो, मग गाडी मोकळी सुटल्यासारखी पुढे पळते आणि अजून घाबरतो. आणि चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय, वॅगन आर-अल्टोत डाव्या पायाला ठेवायला नीट जागाच नसते हे खरंय, तरी खाली मॅटवर ठेवा. नुसता पायाचा भार पडला तरी आतलं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग, सतत फिरत राहतं, आणि ते गेलं की गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो, गॅरेजवाला म्हणणार आता उघडलंयच तर प्लेट पण बदलून टाकू, आणि म्हणणं चूक नसतं त्याचं.

आता काकांच्या क्लासचे दोष, कारण हे सगळं वाचून वाटेल की मी जाहिरात करतेय. रिव्हर्स आणि पार्किंग घाईत उरकलं. विटांना एवढा वेळ दिला त्यातला थोडा पार्किंगला द्यायला हवा होता, पॅरलल पार्किंग तर एकदा दाखवलं आणि "जमतंय की" म्हणाले, जमत नव्हतं. हायवेला नेतच नाहीत, वाढे फाट्याच्या पुढे गाडी नाही. रात्रीचं ड्रायव्हिंग नाही. तंबाखूचा वास. फोन उचलत नाहीत. कागदपत्रांत मदत शून्य, फॉर्म ५ म्हणजे क्लासचं सर्टिफिकेट देतात, पण सारथी या सरकारी वेबसाइटवरचा अर्ज, पक्क्या लायसनच्या टेस्टची अपॉइंटमेंट (लर्निंग मिळून ३० दिवस झाल्यावरच देता येते) हे सगळं आपलं आपण. पहिल्या क्लासने हे सगळं हातात आणून दिलं असतं हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आणि काका टोमणे मारतात. मला चालले, माझ्या जावेला चालले नसते.

अजून एक, क्लासच्या गाडीतून घरच्या गाडीत आल्यावर परत दोन दिवस गडबड होते, ती होऊ द्या. क्लासच्या गाडीचा क्लच झिजलेला असतो, त्यामुळे पेडल खूप वर आल्यावर पकड मिळते, घरची गाडी नवी असेल तर खालीच पकडते. पायाला जुनी जागा पाठ झालेली असते. गाडी सुरू करून जागेवरच, हँडब्रेक ओढून, फर्स्ट टाकून आवाज भारी होईपर्यंत क्लच आणायचा आणि परत दाबायचा, असं थोडा वेळ केलं की नवी जागा सापडते. कुठलीही अनोळखी गाडी घेतली की मी अजूनही हेच करते, भावाची डिझेल गाडी घेतली तेव्हा तर मजाच वाटली, डिझेलला खाली ताकद इतकी असते की क्लच सोडला आणि गाडी आपली चालायला लागली.

"एवढं कशाला, ऑटोमॅटिक घ्यायची ना" हे मला पुण्याच्या भाचीने ऐकवलंय, त्यामुळे कमेंटमध्ये लिहायचे कष्ट घेऊ नका. मुद्दा चूक नाही. २०१४ ला सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर मशीननेच सांभाळणारी, आली तेव्हापासून मध्यमवर्गीय घरात पण दोन पेडलची गाडी परवडायला लागली, आणि कारच्या लायसनवर आपल्याकडे गिअरवाली-बिनगिअरची असा भेद नाही, तो फक्त टू व्हीलरला. रोज हिंजवडी करणाऱ्याने ऑटोमॅटिकच घ्यावी, गुडघे एकदाच मिळतात. पण एएमटीत क्लच नसतो असं समजू नका, प्लेट तीच, फक्त दाबणारा पाय माणसाचा नसून मशीनचा, आणि चढावर रेस देऊन ती गाडी टांगून ठेवलीत तर ती प्लेटही तशीच जळते. आमच्या घरात एकच गाडी आहे, ती तीन पेडलची आहे, आणि माहेरी कोरेगावला जायला मला दर वेळी यांच्या सुट्टीची वाट बघायची नव्हती. विषय संपला.

रेटिंग द्यायचं तर पहिल्याला पाचपैकी दीड, तो दीडही कागदपत्रं आणि पोरगा ओरडत नाही म्हणून. काकांना चार. फी पहिल्यापेक्षा जरा कमीच आहे. बॅच सकाळी लवकरची मागा, दहानंतर राजपथावर आणि मोती चौकात शिकणाऱ्याचं काही खरं नाही. उंची कमी असेल तर पाठीमागे ठेवायला घरची उशी न्या, क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, सीट सरकवून ते जमलं नाही तर उशीनेच जमतं. आणि पैसे रोख न्या, जीपे आहे असं सांगतात पण तो नंबर काकूंचा आहे आणि काकू घरी असतात.